काळी दोनचा खालचा सा

बुद्धभूषणला गेले तीन महिने झोप लागत नव्हती असं नाही. लागायची, पण लागेपर्यंत मोबाइल छातीवर उघडा असायचा आणि त्यात एक लांब केसांचा गोरा माणूस दोन बेस गिटार शेजारी शेजारी ठेवून बोलत असायचा. हिची मान मेपलची, तिची महोगनीची. हिचा आवाज गोल, तिचा टोकदार. ही साडेतीन किलो, ती साडेचार. त्याचं इंग्रजी भूषणला निम्मंशिम्मं कळे, उरलेलं तो गिटारकडे बघून समजून घेई. सकाळी जळगावच्या एमआयडीसीत, चटईच्या कारखान्यात, मागांच्या खडखडाटात उभं राहिलं तरी डोक्यात तेच. चार तारा बऱ्या की पाच? साधी बरी की बॅटरीवाली? जेवणाच्या सुट्टीत एका हातात घास, दुसऱ्या हातात मोबाइल. आमटी कोणत्या डाळीची होती असं कोणी विचारलं असतं, तर त्याला सांगता आलं नसतं.

“मला बघायला आलात तेव्हा अर्ध्या तासात होकार कळवला होतात,” त्याची बायको सविता एकदा म्हणाली. “लाकडाच्या तुकड्यासाठी तीन महिने?”

“तेव्हा व्हिडिओ नव्हते,” भूषण म्हणाला. पुढचे दोन दिवस त्याच्या डब्यातल्या भाजीत मीठ नव्हतं.

खरं दुखणं गिटारचं नव्हतं हे सवितालाही ठाऊक होतं आणि त्यालाही. पायात काटा रुतलेला असला की काही माणसं काटा काढायचं सोडून चप्पल बदलून बघतात, त्यातला हा माणूस. काट्याचं नाव होतं नीलेश.

नशिराबादच्या बन्सीलाल नानांची भीमगीतांची पार्टी होती. नाना मूळचे पिंपळनेरकडचे, नोकरीच्या निमित्ताने इकडे आलेले. पण बोलणं अजून तिकडचंच, अस्सल अहिराणी. वय चौसष्ट, आणि गळा असा, की एप्रिल उजाडला की जळगाव-धुळ्याच्या गावोगावची मंडळं त्यांच्या तारखांसाठी रांग लावत. भूषण त्या पार्टीत एकोणीस वर्षं बेस वाजवत होता. आता बेस गिटार म्हणजे काय, तर गाण्याचा पाया. पाया घराला लागतो खरा, पण घर बघायला आलेला पाहुणा पायाकडे कधी बघत नाही. ढोलकीवाल्याला टाळ्या पडत, बासरीवाल्याला शिट्ट्या पडत, भूषणला एकोणीस वर्षांत एकदाच एका म्हाताऱ्याने विचारलं होतं, “भाऊ, तुमच्या गिटारला दोन तारा कमी का?” एवढाच काय तो लौकिक.

नीलेश वर्षापूर्वी पार्टीत आला. पोरगा चोवीस-पंचवीसचा, की-बोर्डवर बोटं अशी की बघत राहावं. त्याचा डावा हात उजव्यापेक्षा हुशार. एका बुधवारी, नानांच्या घरी सराव चालू असताना, तो सहज म्हणाला, “नाना, बेस मी डाव्या हाताने वाजवू शकतो. आवाज सेम निघतो. गाडीत एक माणूस कमी, तो जड अ‍ॅम्पही कमी.”

त्याच्या बोलण्यात वाकडेपणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं. वाकडं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

सगळे नानांकडे बघू लागले. नानांनी बराच वेळ नीलेशच्या तोंडाकडे बघितलं, मग भूषणकडे, आणि मग म्हणाले, “देवपूरना प्रोग्राममा दखू. पहिला भाग भूषण वाजाडी, दुसरा भाग तू डावा हातघाई वाजाड. मंग ठराऊत. मनी जबान शे.”

झालं. देवपूरच्या कार्यक्रमात पहिला भाग भूषणने वाजवायचा, दुसरा नीलेशने डाव्या हाताने, आणि मग निकाल; नाना शब्द देऊन बसले. त्या दिवसापासून भूषणच्या जिवाला स्वस्थता नाही. एकोणीस वर्षांनी परीक्षा, आणि तीही कोणाशी, तर एका पोराच्या अर्ध्या हाताशी. पार्टी सुटली तर उरलं काय? सकाळची पाळी, चटया, आणि संध्याकाळी घरी बसून टीव्ही. भूषणला तो विचार नको होई. मग तो लगेच मोबाइल उघडे.

त्याच्या गिटारचा एक दोष मात्र खरोखरचा होता, त्याच्या मनाचा खेळ नव्हता. नाना पूर्वी पांढरी चारमध्ये गात. वय वाढलं तशी पट्टी उतरली आणि काळी दोनवर आली. आता चार तारांच्या बेसचा सर्वांत खालचा सूर असतो पांढरी तीन. म्हणजे काळी दोनचा खालचा सा अगदी एका पट्टीने हुकला. जिन्याची शेवटची पायरीच नाही. भूषण वरच्या सप्तकातला सा वाजवून वेळ मारून नेई. तार सैल सोडूनही बघितली होती, पण ती वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबू लागली. नीलेशच्या की-बोर्डवर मात्र तो सा होता, त्याच्या खालीही सात-आठ सूर होते. पाचवी तार असती तर तो सा भूषणकडेही असता.

धुळ्याला, देवपुरात, त्याचा जुना सोबती होता ज्ञानेश्वर. एके काळी ऑर्केस्ट्रात वाजवायचा. आता कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान टाकून बसला होता. त्याच्याकडे पाच तारांची, बॅटरीवाली बेस पलंगाखाली पडून होती. कार्यक्रम रविवारचा, भूषण शुक्रवारीच सुट्टी टाकून, आपली गिटार पाठीला लावून, सकाळच्या एसटीत बसला. पारोळ्यापर्यंत त्याने तीन वेळा ठरवलं की पाच तारांचीच वाजवायची, आणि पारोळ्यानंतर दोन वेळा ठरवलं की नको, आपली ती आपली.

ज्ञानेश्वरने पलंगाखालून पेटी ओढली, धूळ झटकली. दोघं लहान पोरांसारखे जमिनीवर बसले आणि दोन्ही गिटार आळीपाळीने एकाच अ‍ॅम्पला लावून वाजवत राहिले. भूषणची जुनी जड होती. खांद्याला पट्टा रुतून काळी खूण पडलेली. तारेवरचा हात उचलला की ती माशीसारखी गुणगुणे, आणि तिसरी खुंटी दर दोन गाण्यांनी सरके. पण आवाज ओळखीचा, जाडाभरडा, घरचा. पाच तारांची हलकी. मान रुंद, त्यामुळे बोटांना सवय नव्हती; अंगठा सारखा चुकीच्या तारेवर जाई. पण तिच्यावर एक छोटं बटण फिरवलं की खालचा आवाज फुगायचा, दुसरं फिरवलं की कडा निघायच्या. आणि पाचवी तार! भूषणने काळी दोनचा खालचा सा धरला, तेव्हा कपाटातल्या चहाच्या कपबशा वाजल्या.

“ऐकलंस?” तो म्हणाला.

“बायकोनेही ऐकलं असेल,” ज्ञानेश्वर म्हणाला. “घेऊन जा. रविवारी वाजव, मग सांग. यात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते बरं का, मागच्या झाकणाखाली. चालू आहे.”

वाजवणाऱ्यांत एक जुना रिवाज आहे. वाद्य उसनं न्यायचं तर मालकाचा कोपरा रिकामा ठेवायचा नाही. आपलं वाद्य त्याच्याकडे ठेवून जायचं. भूषणने आपली जुनी तिथे भिंतीला टेकवून ठेवली. निघताना वळून बघितलं, आणि उगाचच तिच्या खुंटीला हात लावून आला.

पुढचा दीड दिवस त्याने घरात कोणाला बसू दिलं नाही. सराव, परत सराव. मान रुंद आहे म्हणून मनगट वळवून बघितलं, पट्टा लांब केला, आखूड केला. शनिवारी जेवायला बसला तेही गिटार गळ्यात घालून. वायर त्याने गिटारमधून एकदाही काढली नाही. जुन्या गिटारची पिन टाकायची जागा सैल झालेली, काढली-घातली की खाटखाट वाजे. त्यामुळे वर्षानुवर्षांची सवय, वायर तशीच लावून, गुंडाळून, पिशवीत. कोणी त्याला सांगितलं नव्हतं, की बॅटरीवाल्या गिटारमध्ये वायर लावलेली असेपर्यंत बॅटरी जळत राहते. तीन महिने व्हिडिओ पाहिले. त्यांत लाकडाचं पुराण सांगणारे शंभर होते, हे सांगणारा एकही त्याच्या वाट्याला आला नाही. शिवाय ज्ञानेश्वरने ती बॅटरी कोणत्या साली घातली होती, हेही विचारायचं राहून गेलं.

रविवारी दुपारी पार्टीची गाडी पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात शिरली. ऊन असं, की मैदानावरच्या लोखंडी खुर्च्यांना हात लागत नव्हता. कार्यक्रम पाच वाजता. मंडळाने लाकडी फळ्यांचं स्टेज बांधलं होतं, वर निळा मांडव. साउंडवाला उखर्डू घामाने निथळत वायरी ओढत होता. भूषणने आपला अ‍ॅम्प म्हणजे तो स्पीकरचा डबा नेहमीच्या जागी, नानांच्या डाव्या पायाशी ठेवला. नानांचा तसा आग्रहच असे. चपला काढून, अनवाणी, अ‍ॅम्पला खेटून उभे राहायचे. पार्टीतले म्हणायचे, म्हाताऱ्याला लागतं एकेक. त्या अ‍ॅम्पमधून उखर्डूने एक वायर मोठ्या स्पीकरसाठी नेली. नीलेशचा की-बोर्ड थेट मोठ्या स्पीकरला, आणि त्या स्पीकरांची तोंडं माणसांकडे.

वंदना झाली, बुद्धरूपाला आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेला फुलं वाहून झाली, आणि पहिलं गाणं सुरू झालं.

भूषणने खालचा सा सोडला.

काय सांगावं! फळ्या पायाखाली हलल्या. ढोलकीवाल्याने चमकून मागे बघितलं. नानांनी डोळे मिटले आणि मान किंचित वर केली, आणि त्यांचा आवाज असा उघडला, की मागच्या रांगेत भेळ खाणारी माणसं थांबली. दुसरं गाणं त्याहून वर. भूषणच्या मनात आलं, नीलेशबाळा, आता बघू तुझा डावा हात. एवढा मोठा सुस्कारा त्याने तीन महिन्यांत सोडला नव्हता.

तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला गिटारचा आवाज फाटला. आधी त्याला वाटलं, स्पीकर. मग तार वाजेनाशी झाली. नुसता चिरका, कागद फाडल्यासारखा आवाज. त्याने बटणं फिरवली, वायर हलवली. आवाज बारीक होत होत गेला आणि विझला. तरी बोटं चालूच. थांबलो तर सगळ्यांना दिसेल, या भीतीने तो मुक्या गिटारवर वाजवत राहिला.

नीलेशला कळलं. पोरगा तयारीचा, त्याने क्षणात डावा हात खाली नेला आणि बेस धरला. मोठ्या स्पीकरमधून गाणं भरलेलंच राहिलं. समोर दोन हजार माणसं बसली होती, त्यांतल्या एकाचीही मान हलली नाही. भूषण हे बघत होता. एकोणीस वर्षं ज्याची भीती वाटत होती ते असं डोळ्यांसमोर, भर उन्हात घडत होतं: आपण नाही, आणि कुणाला काही फरक पडत नाही. त्याला रडू आलं नाही. लाज वाटली, नुसती लाज.

आणि मग नाना घसरले.

तिसऱ्या कडव्याची ओळ त्यांनी उचलली ती अर्ध्या सुराने वर. ढोलकीवाल्याला वाटलं मुद्दाम काहीतरी करताहेत. पण पुढची ओळ आणखी सुटली. की-बोर्ड एकीकडे, नाना दुसरीकडे. नीलेश जोरात सा देत होता, मान हलवून खुणा करत होता. नाना आंधळ्याने भिंत चाचपावी तसे सूर चाचपत होते. पुढच्या रांगेतली एक पोरगी तोंडावर ओढणी धरून हसली. नानांनी गाणं मध्येच तोडलं, पाणी मागितलं, आणि माइकवर म्हणाले की दहा मिनिटं चहा घेऊ. आयोजकांपैकी कोणीतरी कुजबुजलं, “वय झालं आता नानांचं.”

स्टेजच्या मागे, पडद्याआड, नानांनी भूषणला दंडाला धरून ओढलं.

“तू कव्हा थांबना रे?”

“थांबलो नाही नाना, वाजवत होतो. बॅटरी संपली. आवाज गेला.”

“माले वाटनं तू उठी गया. पायखालनी फळीच गयी मनी.”

भूषणला कळेना. “पण नाना, नीलेशने लगेच बेस धरला होता. गाणं भरलेलं होतं.”

नाना त्याच्याकडे बघत राहिले. मग इकडेतिकडे कोणी नाही हे पाहून म्हणाले, “तीन वरीस व्हयनात. उजवा कान पहिले गया, डावाबी जाई ऱ्हायना. नीलेशनं काही ऐकू येस नई माले. ढोलकी दखीसन धरस. तुना तो डबा मना पायजोडे ऱ्हास, फळी हालस, त्यानावर मी सा धरस. कोन्हाले सांगू नको.”

म्हणजे नाना ताल धरत ढोलकीकडे बघून, आणि सूर धरत भूषणच्या बेसने हलणाऱ्या फळीवरून, अनवाणी पायाने. बाहेर चहाचे कप वाजत होते. भूषणला एकदम सरावाच्या खोलीतल्या बारीकसारीक गोष्टी आठवू लागल्या. प्रश्न विचारला की नानांचं तोंडाकडे बघत राहणं, दोनदा विचारल्यावर मिळणारं उत्तर, फोन आला की तो सुनेच्या हातात देणं. आपण त्याला म्हातारपणाचा तोरा समजत होतो.

आणि माणूस किती वेडा असतो बघा. एवढं ऐकूनही त्याच्या तोंडून पहिला प्रश्न कोणता निघाला? “नाना, मग आवाज कोणता बरा? जुन्या गिटारचा की हिचा?”

“माले काय समजस?” नाना कावले. “तू शे का नई शे, इतलंच समजस माले.”

भूषणने जीभ चावली. मग म्हणाला, “नाना, नीलेशला सांगू. आजच्या दिवस दोन्ही भाग मीच वाजवतो.”

“नई. जबान म्हंजे जबान. दुसरा भाग नीलेशना शे.” नानांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. “व्हई ते व्हई.” आणि ते आयोजकांशी हसत बोलायला गेले. जसं काही झालंच नाही.

भूषण तिथेच उभा राहिला. त्याच्या मनात जे आलं ते काही फार शोभणारं नव्हतं, पण आलं खरं. दुसऱ्या भागात आपण वाजवायचं नाही. नाना परत घसरतील. नीलेशच्या पाळीत घसरतील. मग सगळे म्हणतील, डाव्या हाताच्या बेसने जमत नाही बुवा, भूषण पाहिजेच. त्याने काहीच करायचं नाही, नुसतं हात बांधून बसायचं. जागा आपोआप पक्की. कोणी त्याला दोष देऊ शकणार नाही. नियमच तसा आहे.

दोन मिनिटं तो हा विचार तोंडात घोळवत उभा होता. पडद्याच्या फटीतून त्याला ती ओढणीवाली पोरगी दिसली; शेजारणीला नानांच्या आवाजाची नक्कल करून दाखवत होती. भूषण तडक उखर्डूकडे गेला.

“नऊ व्होल्टची बॅटरी आहे का?”

उखर्डूने गिटारकडे बघितलं, त्यात अडकलेल्या वायरकडे बघितलं. “रातभर वायर लावीसन ठेवेल व्हती का?”

“दोन रात्री.”

“मंग बॅटरी बसनारच ना भो!” उखर्डू हसला. त्याने कमरेच्या पिशवीतून वायरी तपासायचं आपलं पिवळं मीटर काढलं, मागचं झाकण उघडलं आणि त्यातली चौकोनी बॅटरी काढून भूषणच्या हातावर ठेवली. “परत दे. पन आते तर तुनी पाळी नई ना?”

“नाही. माझी मोठ्या स्पीकरची लाइन बंदच ठेव. कोणाला ऐकू जायला नको.”

उखर्डूने भुवया उंचावल्या, पण साउंडवाल्याला वाजवणाऱ्यांचे चाळे नवे नसतात.

दुसरा भाग सुरू व्हायच्या आधी भूषणने अ‍ॅम्प नानांच्या पायाशी आणला आणि पालथा घातला, तोंड थेट फळ्यांना लावून. आवाज इतका कमी ठेवला, की शेजारी बसलेल्या ढोलकीवाल्यालाही तो ऐकू आला नसता. स्वतः नानांच्या मागे, पडद्याला टेकून खाली बसला. गिटार मांडीवर आडवी. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बिचारा हरलेला माणूस वाद्य कुशीत घेऊन बसलाय. नीलेशने एकदा वळून बघितलं, आणि त्याला वाईट वाटलेलं भूषणला दिसलं. ती दया भूषणला झोंबली.

नाना माइकपाशी आले. चेहरा कोरडा. चपला काढल्या, फळीवर पाय ठेवला.

भूषणने पाचवी तार हलकेच छेडली.

नानांचा डावा अंगठा हलला. मग पाऊल सगळं टेकलं. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. पण खांदे जे ताणलेले होते ते खाली आले, आणि त्यांनी तोंड उघडलं.

त्या तासाभरात नाना जे गायले ते ऐकलेली माणसं देवपुरात अजून आहेत, त्यांना विचारा. भूषण मान खाली घालून वाजवत होता. प्रत्येक समेला सा, प्रत्येक कडव्याआधी सा, नाना दम घेत तिथेही सा, म्हणजे पुढची ओळ उचलायला फळी तयार. जराही इकडेतिकडे करायला जागा नव्हती. बोटं अजून रुंद मानेला सरावलेली नव्हती, घाम डोळ्यांत उतरत होता, बॅटरी मीटरमधली, किती टिकेल कोणास ठाऊक. प्रत्येक गाण्याला त्याला वाटे, आता गेली. वर मोठ्या स्पीकरमधून नीलेशचा डावा हात मैदानभर घुमत होता, आणि माणसं त्यावर टाळ्यांचा ठेका धरत होती. मघाशी हसलेली पोरगी उभी राहून मोबाइलवर चित्रण करत होती.

आपण जितकं चांगलं वाजवू तितके हरू, हे भूषणला कळत होतं. तरी एकदाही बोट ढिलं पडू दिलं नाही. खरं म्हणजे एवढं चांगलं त्याने कधीच वाजवलं नव्हतं, आणि ऐकायला होता एक बहिरा माणूस.

साडेसातला कार्यक्रम संपला. आयोजकांनी नानांना खांद्यावर उचलायचं तेवढं बाकी ठेवलं. “दुसऱ्या भागात काय लागलात नाना! पहिल्याला जरा कायतरी बिघडलं होतं.” पार्टीची माणसं वायरी गुंडाळू लागली. भूषणने बॅटरी काढून उखर्डूला परत दिली आणि अ‍ॅम्पजवळ उभा राहिला. त्याला आता निकाल ऐकायचाही नव्हता. घरी जावं, ज्ञानेश्वरची गिटार त्याला द्यावी, आपली आणावी, आणि कपाटावर ठेवून द्यावी.

नीलेश नानांपाशी आला. त्यालाही अवघड झालं होतं, पण विचारणं भाग होतं. “नाना, मग? काय ठरवायचं?”

नाना स्टेजच्या काठावर चपला घालत बसले होते. त्यांनी त्याच्या ओठांकडे बघितलं.

“नीलेश, दुसरा भागमा तू जे वाजाडं, त्यामाईन माले एकबी सूर ऐकू उना नई.”

नीलेशचा चेहरा उतरला. “आवाज कमी होता का?”

“आवाज बराबर व्हता. मी बहिरा शे.”

भूषण पुढे झाला. “नाना, राहू द्या—”

“तू उगा ऱ्हाय.” नानांनी हात वर केला. आयोजकांपैकी दोघं-तिघं शेजारीच उभे होते. त्यांना बाजूला व्हायला सांगायचं नानांनी टाळलं. उलट मघा माइकवर बोलत होते तेवढ्याच मोठ्याने बोलले. “तीन वरीसथीन बहिरा शे. हाऊ पोऱ्या खाले बशीसन फळीले वाजाडी ऱ्हायंता, त्यानामुये मना सूर लागी गया. तुना हात चांगला शे, बेटा, तुले बठ्ठा जग ऐकी. पन माले हाऊच पाहिजे. भूषणले काढनं व्हई तर पहिले माले काढा. बहिरा गवय्या कोन्हाले पाहिजे?”

वायरी गुंडाळणारे हात थांबले. चौसष्ट वर्षांच्या गवयाने आपलं सगळं नाव तिथे, चहाच्या कागदी कपांमध्ये, उघड्यावर मांडलं होतं; उद्या सकाळपर्यंत ते जळगावपासून साक्रीपर्यंत पोचणार होतं. भूषणला आपली जागा मिळाली होती. तीन महिने तो या जागेसाठी तडफडला होता, आणि आता ती अशी हातात आली तर त्याला मान वर करता येईना.

नीलेश पालथ्या अ‍ॅम्पकडे बघत उभा होता. मग तो वाकला, त्याने अ‍ॅम्पचं एक टोक धरलं, आणि भूषणला दुसरं टोक धरायची खूण केली. दोघांनी मिळून तो सरळ उभा केला. नीलेश खालच्या आवाजात काहीतरी म्हणाला.

नानांनी भूषणकडे बघितलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच चारचौघांत कानामागे हात धरला. “काय म्हनस तो?”

भूषण त्यांच्या डाव्या कानाशी वाकला, आणि मैदानभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडला, “पुढच्या वेळी डबा पालथा घालून लपवायला नको म्हणतो, नाना! तुमच्याकडे तोंड करून ठेवू म्हणतो!”